उघड्या जमिनीला हिरवं पांघरूण

आम्ही नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका बचत गटाच्या बायका.

आज आम्ही तणाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, शहरातल्या बायका आम्हाला तण काय शिकवणार? खुरपं तर आमच्या हातात जन्मापासून आहे. खरं आहे. पण आमच्या गटातल्या निम्म्याअधिक जणी सातारा, सांगली, सोलापूर, जालना भागांतून आलेल्या आहेत. कुणाचे मालक माथाडी कामगार, कुणाचे रिक्षा चालवणारे. काहीजणी इथल्याच गावठाणातल्या आगरी घरांतल्या आहेत. शेत मागे राहिलं, पण खुरपं काही सुटलं नाही. फक्त आता ते सोसायटीच्या आवारात चालतं.

पाच वर्षांपूर्वी एका गृहनिर्माण सोसायटीने आमच्या गटाला आवाराच्या साफसफाईचं काम दिलं. इमारतीच्या मागे वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद असा जमिनीचा उतार होता. दिवसभर कडक ऊन. खाली भरावाचा मुरूम, वर बोटभर माती. तिथे काही लावलेलं नव्हतं. त्यामुळे पावसाळ्यात तिथे तणाचं राज्य. गाजर गवत, आघाडा, एकदांडी, लव्हाळा, कडेकडेने हरळी. पंधरा दिवसांनी खुरपायचं, परत पंधरा दिवसांनी तेच. आमची मजुरी त्यावरच होती.

दुसऱ्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका मावशींच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं. आधी वाटलं उष्णता असेल. मग मान सुजली, डोळ्यांखाली खाज सुटली. डॉक्टरांनी सांगितलं, ही गाजर गवताची ॲलर्जी आहे, त्या गवताला हात लावू नका. मावशींचं काम थांबलं. त्याच महिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, "ताई, दर पंधरा दिवसांनी पैसे देणं आम्हाला परवडत नाही. तणनाशक मारून मोकळं करतो." त्या उताराला लागूनच मुलं खेळतात, शेजारी पाण्याची टाकी. आम्हाला ते पटलं नाही. आम्ही म्हटलं, एक वर्ष द्या, आम्ही दुसरा उपाय करून दाखवतो.

शब्द तर दिला. पण त्या महिन्याच्या बैठकीत एका काकींनी रोखठोक विचारलं, "ताई, तण गेलं की आपलं काम पण गेलं ना? आपल्याच हाताने आपल्या पोटावर पाय का द्यायचा?" प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर आमच्याकडे तेव्हा नव्हतं. ते शेवटी सांगतो.

आधी हे बघू की तण येतं का. जमीन उघडी राहिली की ती झाकायला निसर्ग तण पाठवतो, इतकं ते साधं आहे. मातीत वर्षानुवर्षांचं बी पडून असतं. बऱ्याच तणांचं बी अगदी बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. आपण खुरपतो तेव्हा वरचं तण निघतं, पण खालची माती वर येते आणि तिच्यातल्या बियांना ऊन मिळतं. म्हणजे एक पीक काढताना आपण दुसरं पेरतो. गाजर गवताचं तर विचारू नका. हे गवत आपल्याकडे बाहेरून आलं. 1955 च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. एका झाडाला हजारो बिया येतात. ओलावा मिळाला की ते कुठल्याही महिन्यात उगवतं. म्हणून ते फुलावर यायच्या आधी, हातात मोजे घालून, मुळासकट उपटायचं. फुलं आल्यावर उपटलं तर आपणच बी झाडत फिरतो.

तर उपाय असा, की जमीन उघडीच ठेवायची नाही. जमिनीलगत पसरणारं एखादं झाड लावायचं. त्याने माती झाकली की खाली उजेड जात नाही आणि नवीन तण कमी उगवतं. ऐकायला सोपं आहे. आम्ही मात्र पहिली दोन पावलं चुकीची टाकली, ती तुम्ही टाकू नका.

पहिली चूक हिरवळीची. सोसायटीने हौसेने लॉन आणलं, सतरंजीसारखं अंथरलं. जून ते सप्टेंबर ते छान दिसलं. दिवाळीनंतर त्याला रोज पाणी हवं झालं. एप्रिलपर्यंत ते गवत जळून गेलं आणि फटींतून लव्हाळा वर आला. ज्या गावात बाया हंडे घेऊन उभ्या असतात, तिथे लॉन ही तर थट्टाच आहे.

दुसरी चूक आमची स्वतःची. रस्त्याच्या दुभाजकात पिवळ्या फुलांची, गडद हिरव्या चकचकीत पानांची एक वेल तुम्ही पाहिली असेल. तिला वेडेलिया म्हणतात. फुकट मिळते, कशीही खोचली तरी लागते. आम्ही ती आणून लावली. सहा महिन्यांत उतार झाकला, आम्ही खूश. पण ती थांबेना. गटारात शिरली, शेजारच्या तुळशी-गवती चहाच्या वाफ्यात घुसली. जिथे तिचं कांड जमिनीला टेकेल तिथे मूळ फुटतं. मग कळलं, की जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या जीवांची जी यादी आहे, तिच्यात ही वेल आहे. आपली घाणेरी, म्हणजे टणटणी, आणि कोकणातली रानमोडी यांचीही नावं त्याच यादीत आहेत. ती काढायला आम्हाला लावण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस गेले. तुमच्या गावात ओढा, विहीर, शेताचा बांध जवळ असेल तर ही वेल दारातही आणू नका.

मग आम्ही शांत बसून विचार केला. आगरी घरातल्या एका काकींनी वाट दाखवली. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात फिरून बघा. पाणी न घालता जे हिरवं उभं असेल, ते आपलं. आणि ऑगस्टमध्ये परत बघा. पावसात जे सडलं नाही, ते खरं आपलं."

मैत्रिणींनो, आमच्या भागात हीच खरी मेख आहे. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. दुष्काळ सोसणारी पुष्कळशी झाडं आमच्याकडे उन्हाळ्यात नाही, तर जुलैत मरतात, कारण मुळाशी पाणी साचतं. तुम्ही माण-खटाव किंवा मराठवाड्यात राहत असाल तर तुमचा प्रश्न उलटा आहे. पाऊस कमी, ऊन जास्त. म्हणून कुणाची यादी तशीच उचलू नका, आमचीही नाही. आपल्या गावचा मे आणि आपल्या गावचा ऑगस्ट, दोन्ही बघा.

आम्ही काय लावलं ते सांगतो.

पहिलं, ऑफिस टाईम. कुणी याला चिनी गुलाब म्हणतात. ऊन चढलं की फुलं उघडतात, दुपार कलली की मिटतात. पानं जाडसर, त्यात पाणी साठवलेलं असतं, म्हणून ऊन सोसतं. चार बोटं लांबीची फांदी खोचली की लागते. पण पाणी साचलं की सडतं. म्हणून आम्ही ते उताराच्या अगदी वरच्या भागात, दगडांच्या कडेने लावलं. आपली भाजीची घोळ ही त्याचीच बहीण.

दुसरं, रिओ. वरून हिरवी, खालून जांभळी, तलवारीसारखी पानं. दाट गड्डे होतात, त्यांच्याखाली तण क्वचितच उगवतं. पाणी कमी चालतं, पाऊसही सोसतो. मात्र याचा चीक काहीजणींच्या अंगाला खाजतो. छाटताना मोजे घाला आणि लहान मुलांपासून जपा.

तिसरं, शोभेचा भुईमूग. नर्सरीत पिनट ग्रास म्हणून मिळतो. मूळचा ब्राझीलचा. पानं भुईमुगासारखी, फुलं पिवळी. शेंगांसाठी लावत नाहीत, पण कडधान्याच्या कुळातला असल्याने मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळतं. वरच्या दोघांपेक्षा याला पाणी थोडं जास्त लागतं. म्हणून तो उताराच्या तळाशी लावला, जिथे ओल टिकते. उन्हाळ्यात पिवळट पडतो, पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. घाबरून उपटू नका.

चौथी, रतोलिया, जिला जलपिंपळीही म्हणतात. ही आपल्या मातीतली. ओल्या बांधावर आपोआप येते. एकदा मूळ धरलं की कोरड्यातही तग धरते, कुणी पाय दिला तरी मरत नाही. बारीक फुलांवर मधमाश्या येतात. जिथून मुलं चालत जातात तिथे ही लावली.

पाचवी, पुनर्नवा. ही तर तुमच्या अंगणात असेलच. काहीजणी घेटुळी म्हणतात. तिचं मूळ जाड आणि खोल, त्यामुळे वरचं वाळलं तरी आत जीव राहतो. कोवळ्या पानांची भाजी होते. आम्ही इतकी वर्षं तिला तण म्हणून उपटत होतो. आता एका कोपऱ्यात ती मुद्दाम ठेवली आहे. मात्र तिचं बी चिकट असतं, कपड्याला लागून पसरतं. भाजीच्या वाफ्याजवळ नको.

लावण्याची पद्धत सांगतो, कारण बरेचजण इथेच चुकतात. झाड कितीही चांगलं असलं तरी तणाच्या डोक्यावर लावलं तर तणच जिंकतं. मार्चमध्ये आम्ही उतार स्वच्छ केला. लव्हाळा नुसता कापला नाही, कुदळीने खणून त्याच्या गाठी वेचल्या. एक गाठ राहिली तरी तो परत येतो. हरळीचीही मुळं ओढून काढली. एप्रिलमध्ये जमीन ओली केली, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबल्या आणि सहा आठवडे तसंच ठेवलं. आत इतकी उष्णता होते की वरच्या थरातलं बरंचसं बी मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी यानेही सगळ्या मरत नाहीत, त्या खणूनच काढायच्या. प्लास्टिक नंतर जपून गुंडाळून ठेवा, पुढल्या वर्षी परत वापरता येतं. त्यानंतर माती परत खोल खणायची नाही, नाहीतर खालचं बी वर येतं.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड केली. एक एक फुटावर एक रोप म्हटलं तर आमच्या दोनशे चौरस फुटांना दोनशे रोपं लागली. नऊ इंचांवर लावलं असतं तर साडेतीनशेच्या वर लागली असती. जवळ लावलं तर लवकर झाकतं, लांब लावलं तर खर्च कमी पण खुरपणी जास्त. आम्ही विकत थोडीच आणली, बाकी फांद्या मागून आणल्या. दोन रोपांच्या मधल्या जागेत वाळका पालापाचोळा चार बोटं जाडीचा पसरला. रोपाच्या बुंध्याशी मात्र तो टेकवू नका, बुंधा सडतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या पावसाळ्यात खुरपणी कमी होत नाही. उलट रोप न दुखावता हाताने तण काढावं लागतं, जास्त वेळ जातो. पहिल्या उन्हाळ्यात पाणीही द्यावं लागतं. आम्ही आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर देत होतो. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात. सावकाश आणि खोल दिलं तर मुळं खाली जातात. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा दिलं तरी भागलं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी यासाठी चांगलं. दुष्काळ सोसणारं झाड म्हणजे पाण्याशिवाय लागणारं झाड नव्हे. ते आधी जगवावं लागतं, मग ते आपल्याला सांभाळतं.

आता तुमच्या गावाकडचं. तुम्हाला नर्सरीत जायची गरजच नाही. मटकी घ्या. कमी पावसात, हलक्या जमिनीत येणारं पीक, आणि वाढतं ते जमिनीवर सतरंजीसारखं पसरून. आपल्या आज्या बाजरीत मटकी टाकायच्या. शेंग मिळे, चारा मिळे आणि दोन ओळींमधली माती झाकली जाई. चवळीचंही तसंच. कोकणातल्या बहिणी भात कापल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. जमीन उघडी राहत नाही आणि घरात पिठीचीही सोय होते. दारापुढे मोकळी जागा असेल, थोडं पाणी असेल, तर रताळ्याचा वेल लावा. एकदा पसरला की खाली तणाला जागा देत नाही. समुद्रकिनाऱ्याच्या गावांत वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादा वेल असते. ती वाळू धरून ठेवते. साफसफाईच्या नावाखाली ती उपटू नका.

गाजर गवतासाठी आणखी एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे टाकळा. पावसाळ्यात आपण ज्याची कोवळी भाजी खातो, तोच. जबलपूरला तणांचा अभ्यास करणारी सरकारी संशोधन संस्था आहे. गाजर गवत असलेल्या पडीक जागेत टाकळ्याचं बी टाकायला तिथले शास्त्रज्ञ सांगतात. टाकळा दाट उगवतो आणि गाजर गवताला वर येऊ देत नाही. हिवाळ्याच्या तोंडी तो वाळतो, तेव्हा बी गोळा करून पावसाच्या आधी परत फेका. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो. त्या आठवड्यात तुमच्या गटाने शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं आवार धरायला हरकत नाही.

शेळ्या असतील तर सदाफुली आणि घाणेरी लावू नका. सदाफुली ऊन सोसते, फुलं छान येतात, पण दोन्ही जनावरांना विषारी आहेत.

आता काकींचा प्रश्न. तण गेलं तर काम गेलं का?

खरं सांगतो. पहिल्या वर्षी मजुरी वाढली, कारण लागवडीचं काम निघालं. दुसऱ्या वर्षी त्या उताराची खुरपणी निम्म्याहून कमी झाली आणि तिची मजुरीही कमी झाली. बैठकीत वाद झाले. दोघीजणी महिनाभर बोलल्या नाहीत. मग आम्ही सोसायटीकडे गेलो. म्हटलं, आम्हाला खुरपणीच्या दिवसांवर पैसे देऊ नका. जागा हिरवी आणि स्वच्छ ठेवायचे महिन्याला ठरावीक पैसे द्या. त्यांनी आकडा कमी सांगितला, आम्ही जास्त सांगितला, मध्ये कुठेतरी जमलं. आता उन्हाळ्यातही थोडे पैसे येतात, पूर्वी ते चार महिने कोरडे जायचे. शिवाय रिओ आणि ऑफिस टाईम छाटताना ज्या फांद्या निघतात, त्या आम्ही दुधाच्या पिशव्यांत लावतो आणि विकतो. त्यातून कुणी श्रीमंत झालं नाही. पण पिशव्यांचं काम सावलीत बसून होतं, आणि ज्यांचे हात गाजर गवताने सुजले होते त्या मावशी आता तेच काम बघतात.

उतार अजून पूर्ण झाकलेला नाही. मधला एक पट्टा, जिथे मुरूम फारच टणक आहे, तो दरवर्षी उघडा पडतो आणि तिथे लव्हाळा येतोच. आम्ही तो खणून काढतो आणि पुन्हा लावतो. पण तणनाशकाचा डबा सोसायटीत आला नाही, आणि काकी आता उपाध्यक्षा आहेत.

मैत्रिणींनो, सगळं अंगण एकदम करायला जाऊ नका. एका खाटेएवढी जागा निवडा. उन्हाळ्यात गावात फिरून बघा, पाणी नसताना काय हिरवं आहे ते. गटाच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना त्याचं नाव विचारा. ते खातात का, गुरं खातात का, पसरून त्रास देतं का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय काही लावू नका. आणि त्यातून काम कमी होणार असेल तर ते कुणाचं कमी होणार, हा चौथा प्रश्नही बैठकीत मोकळेपणाने बोला. आम्ही तो उशिरा बोललो.

तुमच्या खाटेएवढ्या जागेला यंदा हिरवं पांघरूण मिळो.